जुना फ्लॅट घ्यायचा, नीट करायचा आणि भाड्याने द्यायचा. सुरुवात कुठून करू?

मंजिरी_क | ९ मार्च

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चूकभूल सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात स्वतःच्या घरात राहतो, त्याचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. माझ्या पगारातून साठलेले आणि आजीच्या जमिनीच्या वाटणीतून आलेले मिळून माझ्याकडे सोळा लाख आहेत. नवऱ्याचं म्हणणं, गुपचूप म्युच्युअल फंडात टाक. माझ्या डोक्यात मात्र कधीपासून एक जुना वन बीएचके आहे. तो घ्यायचा, स्वच्छ करायचा, भाड्याने द्यायचा. लहानपणी आमच्या वाड्यात मालकीणबाई दर एक तारखेला भाड्याच्या पावत्या फाडायच्या ते बघून बहुतेक हे वेड लागलंय.

दोन जागा बघितल्या आहेत.

पहिली सिंहगड रस्त्याला, आनंदनगरच्या आतल्या बाजूला. इमारत १९९३ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, कार्पेट ४६० चौरस फूट. मोझॅक फरशी, कडाप्प्याचा ओटा, संडास-बाथरूम वेगळे. मालक अमेरिकेत, किल्ली शेजारच्या काकूंकडे. ३८ लाख सांगतात. दोन वर्षं बंद आहे, दार उघडल्यावर वास येतो.

दुसरी धायरीच्या पुढे. २०१४ची इमारत, टू बीएचके, लिफ्ट, चकाचक व्हिट्रिफाइड टाइल्स, २९ लाख. गुंठेवारीतली आहे (म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेल्या जमिनीवरची), पण एजंट म्हणतो सगळे कागद क्लिअर आहेत, लोनही करून देतो.

मला दुसरी आवडलीये. डागडुजीसाठी अडीच लाख बाजूला ठेवलेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कट्ट्यावरचा | ९ मार्च

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाकी, म्युच्युअल फंड. नवऱ्याला +१.

सर्च_रिपोर्ट | ९ मार्च

ताई, दुसऱ्या जागेचं आधी बोलू. 'लोन करून देतो' हे एजंटने म्हणणं आणि बँकेने म्हणणं यात फरक आहे. तुम्ही स्वतः एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या गृहकर्ज शाखेत जा आणि फक्त तीन गोष्टी सांगा: गाव, सर्व्हे नंबर, गुंठेवारी. पुढचं तो अधिकारीच सांगेल. गुंठेवारी नियमित झाली असेल तर महापालिकेचा नियमितीकरणाचा दाखला मागा. मंजूर नकाशा मागा. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मागा. 'अर्ज केलाय, होऊन जाईल' असं उत्तर आलं तर चहा घ्या आणि उठा. भाडेकरू मिळेल हो, राहायला कोण नाही म्हणतंय? विकायला जाल त्या दिवशी कळेल की पुढचा घेणारासुद्धा रोख पैसेवालाच लागतो.

पहिल्या जागेसाठी: पहिल्या खरेदीपासूनचे सगळे मूळ करार सलग हवेत. मधला एक जरी गहाळ असेल तर तिथेच थांबून चौकशी. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मालकाच्या नावावर, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, भोगवटा पत्र. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (जागेवर आणखी कुणाचा हक्क किंवा बोजा आहे का याची तपासणी) आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. आणि एक प्रश्न जो कुणी विचारत नाही: जमीन सोसायटीच्या नावावर झालीये का? म्हणजे अभिहस्तांतरण. पुण्यात १९९३च्या कितीतरी इमारती अजून बिल्डरच्याच किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहेत. राहायला, भाड्याने द्यायला अडत नाही. पुनर्विकासाचा विषय निघाला की अडतं.

(मी वकील आहे, पण हा सल्ला फुकटातला आहे, त्या मानाने घ्या.)

परदेशस्थ_पक्षी | १० मार्च

मालक अमेरिकेत आहे म्हणालात म्हणून लिहितो, कारण तीन वर्षांपूर्वी नाशिकचा फ्लॅट विकताना मी त्या बाजूला होतो.

इथे सगळे सांगतात, '५० लाखांच्या आत आहे, टीडीएसचा प्रश्न नाही.' तो नियम विकणारा निवासी भारतीय असेल तेव्हाचा. विकणारा अनिवासी असेल तर अशी मर्यादा नाही आणि दरही १ टक्का नाही, जास्त आहे. कर कापून सरकारला भरायची जबाबदारी तुमची. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, वर सेस वगैरे. मालकाने प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही तर सहसा पूर्ण विक्रीकिमतीवर कापावा लागतो. माझ्या खरेदीदाराला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, व्यवहार ऐन नोंदणीच्या आठवड्यात अडकला. दाखला यायला आणखी दोन महिने गेले. त्यामुळे मालकाला आजच सांगा, दाखल्याचा अर्ज कर.

सही करायला तो स्वतः येणार की मुखत्यारपत्रावर? मुखत्यारपत्र असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे साक्षांकित केलेलं लागतं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मूळ मालकाशी व्हिडिओ कॉलवर एकदा तरी बोला.

आकडेबहाद्दर | १० मार्च

कुणीतरी थंड पाणी ओतायला हवं ना, मी ओततो.

समजा ३५ ला तुटला. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के. फक्त तुमच्या नावावर घेतलात तर बाईमाणसाला १ टक्का सूट, म्हणजे ६, म्हणजे २ लाख १० हजार. नवऱ्याचं नाव जोडलंत की सूट गेली. नोंदणी ३० हजार. एजंट एक टक्का, ३५ हजार. सोसायटीचं हस्तांतरण २५ हजार. तुमची डागडुजी अडीच लाख (हसतोय, पण धरू). एकूण साडेचाळीस लाख.

बँक मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसाठी कर्ज देत नाही, डागडुजीही त्यात बसत नाही. २५ लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता २१,७००. तिथे वन बीएचकेला भाडं १४-१५ हजार. म्हणजे दर महिन्याला सहा-सात हजार खिशातून, मेंटेनन्स वेगळा. वर्षातून एक महिना रिकामा धरा. सगळा खर्च वजा जाता घातलेल्या पैशावर तीन टक्के सुटतात. एफडी याहून जास्त देते आणि एफडीचा नळ गळत नाही.

'भाड्यातून हप्ता फिटेल' हे गणित अमेरिकन व्हिडिओंमधलं आहे. तिकडे भाडं आणि किंमत यांचं प्रमाणच वेगळं. आपल्याकडे ते जमत नाही, किंमत वाढेल या आशेवरच सगळं चालतं. ती आशा बरोबर असू शकते, पण तिला भाड्याचं उत्पन्न म्हणू नका.

मंजिरी_क | १० मार्च

@आकडेबहाद्दर, पाणी पोचलं. हा हिशोब नवऱ्याला दाखवणार नाहीये.

@सर्च_रिपोर्ट, बँकेत जाऊन आले. अधिकाऱ्यांनी गावाचं नाव ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाले, 'मॅडम, दुसरं काही बघितलंय का?' धायरी रद्द.

आता आनंदनगरच. पण तो वास आणि न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवरचे पोपडे. रंग दिला की जाईल ना?

गवंडी_आप्पा | ११ मार्च

रंग दिला की चार महिने जाईल. पाचव्या महिन्यात भाडेकरूचा फोन येईल.

बावीस वर्षं जुन्या घरांचीच कामं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रागावू नका, पण जागा बघायला गेलात तेव्हा तुम्ही फरशी आणि ओटा बघितलात. सगळे तेच बघतात. जुन्या घरात बघायचं असतं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं.

पुन्हा जाल तेव्हा आधी तुमच्या फ्लॅटमध्ये जाऊ नका. खालच्या मजल्यावर जा. बेल वाजवा, ओळख सांगा, त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणा. तिथे पिवळे डाग, फुगलेलं प्लास्टर, लोंबकळणारी बुरशी दिसली तर ती तुमच्या बाथरूमची कुंडली समजा. मग तुमच्या बाथरूममध्ये येऊन छताकडे बघा, ती वरच्यांची कुंडली. वरच्यांची गळती बंद झाल्याशिवाय तुमचं छत कितीही वेळा रंगवा.

खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा. फरशीवर, भिंतीच्या टाइल्सवर, छताच्या प्लास्टरवर टकटक करत जा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज कानाला लगेच कळतो. छतातून पोकळ आवाज आला आणि तिथे लांब सरळ रेषेत तडा असेल तर आत सळई गंजून फुगलीये. हे किरकोळ नाही. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच कोपरा नवा रंगवलेला दिसला तर त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त वेळ उभे राहा.

सकाळी सातला जा. सगळे नळ एकदम सोडा. १९९३ म्हणजे भिंतीतले पाइप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे असणार. बाहेरून ठणठणीत दिसतात, आतून गंजून बुजतात. वायरिंगचं बोर्ड उघडून बघायला वायरमन न्या. पोर्सेलिनचे फ्यूज असतील आणि अर्थिंगचा पत्ता नसेल तर सगळी वायरिंग नवीन, यात चर्चा नाही. आजचा भाडेकरू गीझर, मायक्रोवेव्ह आणि एसी एकाच संध्याकाळी लावतो.

आता बाथरूम. त्याचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि कोबा (सिमेंटचा थर) भरलेला. तीस वर्षांत हे सगळं पाणी पिऊन बसतं. 'वरून केमिकल मारतो, तोडफोड नाही, दहा वर्षांची गॅरंटी' असं सांगणारा भेटेल. त्याला नमस्कार करा. सगळं उकरून मूळ स्लॅबपर्यंत जायचं, स्लॅब धुऊन काढायचा, पाइपांच्या सांध्यांभोवती आणि कोपऱ्यांत वाटा (सिमेंटच्या गोलसर कडा) मारायच्या, मग वॉटरप्रूफिंगचे थर, भिंतीवर फूटभर वर चढवून. मग पाणी भरून ठेवायचं. दोन दिवस. पाण्याच्या पातळीला भिंतीवर खडूने रेघ मारा आणि रोज खालच्यांचं छत बघून या. ते कोरडं राहिलं तरच वर कोबा आणि टाइल. गवंडी म्हणेल, 'मॅडम, एक रात्र पुरे.' पुरत नाही.

आणि कामाचा क्रम सोडू नका. तोडफोड, मग भिंतीत झिऱ्या पाडून पाइप आणि वायरी, मग वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल, सुतार, शेवटी रंग. रंगाऱ्याला आधी बोलावलंत की पैसे दोनदा.

अडीच लाखांत होणार नाही. साडेतीन धरा, वर पन्नास हजार हाताशी ठेवा.

सदाशिवपेठी | ११ मार्च

आप्पांचा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली).

एकच भर: घाई नसेल तर जुलैत पुन्हा बघा. मार्चमध्ये पुण्यातलं प्रत्येक घर कोरडं असतं.

आळशी_उंदीर | ११ मार्च

काकू, स्ट्रक्चरल ऑडिट विचारलं का? उपविधीप्रमाणे ३० वर्षांच्या वरची इमारत असेल तर दर तीन वर्षांनी करायचं असतं. सेक्रेटरीला विचारा आणि त्याचा चेहरा बघा. चेहऱ्यावरूनच अहवाल कळतो.

आणि पुनर्विकासाची बोलणी कुठवर आलीत तेही विचारा. लोक 'रिडेव्हलपमेंटला जाणार' म्हणून जास्त पैसे मोजतात. आमच्या सोसायटीत मी कॉलेजात असल्यापासून जाणार आहे. उलट खरंच जाणार असेल तर साडेतीन लाखांचं बाथरूम कशाला फोडायचं?

मंजिरी_क | ११ मार्च

काकू???

आळशी_उंदीर | ११ मार्च

ताई. ताई. हलके घ्या.

सीए_आहे_पण_झोपलोय | १२ मार्च

कराचं थोडक्यात. वार्षिक भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट, मग कर्जाचं व्याज वजा. ३० टक्क्यांसाठी पावत्या लागत नाहीत, पण मग प्रत्यक्ष डागडुजीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. तुमचं पहिल्या वर्षाचं व्याजच दोन लाखांच्या वर जाईल, त्यामुळे भाड्यावर कर शून्य आणि वर तोटा. तो तोटा जुन्या करप्रणालीत पगारातून वर्षाला दोन लाखांपर्यंत वजा होतो. नव्या प्रणालीत पगारातून होत नाही. तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात ते आधी बघा.

१ टक्का सूट मिळावी म्हणून बायकोच्या नावावर घेऊन पैसे स्वतः देणारे नवरे हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी: भाडं तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. ताईंचा पैसा ताईंचा आहे, त्यांना लागू नाही.

मोठ्या कामांच्या पावत्या मात्र जपा, पुढे विकताना लागतील.

खडकवासलेकर | १२ मार्च

माझे दोन फ्लॅट भाड्याने आहेत, त्यातला पहिला मी हौसेने सजवला होता. फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, मॉड्युलर किचन. पहिल्या भाडेकरूने वॉलपेपरवर मुलीचं नाव लिहिलं, तिची उंची मोजायच्या रेघांसकट. दुसऱ्याने ट्रॉल्यांची चाकं कुठे घालवली ते आजवर कळलेलं नाही. भाडं हजार रुपयांनीही वाढलं नाही हो.

भाडेकरू कशाला भुलतो? पाण्याला जोर, बाथरूम कोरडं आणि उजेडाचं, वॉशिंग मशीनला नळ आणि सांडपाण्याची जागा, खिडक्यांना जाळी, बेडरूममध्ये एसीचा पॉइंट, दाराला बरं कुलूप. ओट्याला ग्रॅनाइट आणि खाली दोन साधे स्टीलचे रॅक पुरतात. सगळ्या घराला एकच फिकट रंग, त्याचा शेड नंबर मीटरच्या कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा. भाडेकरू बदलला की डबा आणायचा आणि डाग झाकायचे.

कराराचं: 'अकरा महिने केला की नोंदणी लागत नाही' ही आपल्याकडची अंधश्रद्धा आहे. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. नोटरीवर भागवू नका. खर्च तरी किती? १५ हजार भाडं, ४५ हजार डिपॉझिट, अकरा महिने: मुद्रांक पाचशेच्या आत, नोंदणी हजार, हाताळणीचे थोडे. एजंट घरी येऊन आधारवर अंगठा घेतो, त्याचे वेगळे. पोलिसांकडची भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरता येते.

आणि मिळकतकराचं बिल बघताना सावध. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे. मालकाच्या बिलावर ती दिसत असेल. भाड्याने दिलात की सवलत गेली, बिल वाढणार.

अक्काबाई | १३ मार्च

भाडेकरू फॅमिलीच ठेव हो. बॅचलर मुलं नकोत, रात्री-अपरात्री गाड्या, पार्ट्या.

आळशी_उंदीर | १३ मार्च

अक्का, मी पुण्यात सहा वर्षं 'बॅचलर मुलं नकोत' ऐकत फिरलोय. शेवटी ज्यांनी दिला त्यांचा फ्लॅट मी सोडताना स्वतः रंगवून दिला. आणि माझ्या आधीच्या फॅमिलीने सिंकमध्ये वर्षभर तेल ओतलं होतं, ते मी काढलं.

संपादक | १३ मार्च

बॅचलर विरुद्ध फॅमिली यावर आधीच चार धागे आहेत. इथे तोच वाद पुन्हा नको. त्या विषयावरचे पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत.

मंजिरी_क | १९ जुलै

धागा वर काढतेय. सदाशिवपेठींचं ऐकून काल भर पावसात गेले होते. आप्पांचंही ऐकून आधी खालच्या मजल्यावर. तिथे एक आजी एकट्या राहतात. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, 'वरचा विकला का एकदाचा?' बाथरूममध्ये नेलं. छताला प्लास्टिकची बादली उलटी टांगल्यासारखा फुगवटा, आणि त्याच्या खाली खरी बादली. त्यांच्या वरचा, म्हणजे मी बघतेय तो फ्लॅट दोन वर्षं बंद आहे, तरी थेंब पडतात. म्हणजे पाणी आमच्याही वरून, तिसऱ्या मजल्यावरून येतंय आणि आमच्या बाथरूमच्या भरावातून खाली उतरतंय.

नाणं वाजवून घर पालथं घातलं. बाथरूम सोडून छत भरीव आहे. ऑडिट मागच्या वर्षी झालंय, अहवाल दाखवला, खांबांना थोडी दुरुस्ती सांगितली होती ती झालेली दिसते. अभिहस्तांतरण झालेलं नाही, मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डर जमीन देत नसेल तर सरकारकडून ती नावावर करून घेणं) अर्ज करू असं गेल्या तीन सभांच्या इतिवृत्तात आहे. मालकाने कमी कपातीच्या दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्येच केला, हातात आलाय.

बादलीचा फोटो मालकाला पाठवला. ३५ ला तयार झाला.

गवंडी_आप्पा | १९ जुलै

घ्या. पण वरच्यांशी काम सुरू व्हायच्या आधी बोला, नंतर नाही. पावसाचं किंवा सामाईक पाइपचं पाणी असेल तर खर्च सोसायटीचा. वरच्यांच्या बाथरूममधून येत असेल तर तो तुमचा आणि त्यांचा मामला.

मंजिरी_क | ११ जानेवारी

हिशोब द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून आले. आकडेबहाद्दर, बसून वाचा.

करार ३५ वर, माझ्या एकटीच्या नावावर. सोसायटीने हस्तांतरणाला २५ हजार आणि वर 'इमारत निधीला स्वेच्छेने' ५० हजार मागितले. स्वेच्छा कुणाची ते विचारलं. २५ हजारांच्या वर देणगीच्या नावाखालीही घेता येत नाही हे २००१च्या परिपत्रकासकट लेखी दिलं, तेव्हा विषय संपला. भाड्याने देतेय म्हटल्यावर महिना हजार रुपये नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून आकार) लावत होते. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत, तेही २००१चंच. आता शंभर लावतात. सेक्रेटरी जिन्यात भेटले तर छताकडे बघतात.

काम दीड महिन्याचं ठरलं होतं, तीन महिने चाललं. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, दिवाळीत गवंडी गावी. दुसऱ्या मजल्यावरून राडारोडा गोण्यांतून खाली न्यायचे वेगळे पैसे, हे कुणी सांगितलं नव्हतं. बाथरूम आणि संडास मिळून सव्वा लाख. वायरिंग ६२ हजार, बाकीचं प्लंबिंग ३८, रंग ४५, ओटा ३४, खिडक्या आणि जाळ्या २८, प्लास्टर २२, किरकोळ १९. एकूण ३ लाख ७३ हजार. आप्पा, तुमचे साडेतीन अधिक पन्नास हजार अगदी बरोबर.

प्लंबरने पहिला जीआय पाइप कापला तो तुकडा मी घरी आणून ठेवलाय. अर्ध्या इंची पाइप, आत तांबडा-काळा गंज थरावर थर, आणि मधोमध उदबत्तीची काडी जेमतेम जाईल एवढं भोक. नवऱ्याला दाखवला तर म्हणाला, हा तीस वर्षांचा एसआयपी. याच नवऱ्याकडून एक लाख हातउसने घ्यावे लागले, त्याचा उल्लेख रोज जेवताना होतो.

बाथरूममध्ये पाणी भरून खडूची रेघ मारली. गवंडी एका रात्रीत उपसायला निघाला होता, मी स्टूल टाकून बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजींकडे गेले. त्यांनी स्टुलावर चढून छताला तळवा लावला (मी नको नको म्हणत होते), माझ्यापुढे धरला. कोरडा. त्या दिवशी त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

वकिलाचे १५ हजार धरून सगळे मिळून ४१ लाख ८८ हजार गेले. डिसेंबरपासून भाडेकरू आहेत, दोघी मुली, एक नर्स आणि एक लेखापरीक्षणाच्या कामावर. अक्काबाई, शांत आहेत, उलट शेजारच्या टीव्हीची तक्रार त्याच करतात. साडेपंधरा हजार भाडं, करार नोंदवलेला, शेड नंबर मीटरच्या कपाटात. हप्ता, मेंटेनन्स, कर सगळं धरून महिन्याला साधारण साडेआठ हजार माझ्या खिशातून जातात.

आकडेबहाद्दर | ११ जानेवारी

म्हणजे सुटतात तीन-साडेतीन टक्केच.

मंजिरी_क | ११ जानेवारी

माहीत होतं लगेच येणार.

खडकवासलेकर | १२ जानेवारी

अभिनंदन! पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमचं काय झालं?

मंजिरी_क | १२ जानेवारी

आमच्या बाथरूमच्या छताला कोपऱ्यात वाटीएवढा डाग आलाय. वरच्या काकांना ऑगस्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. परवा पुन्हा गेले तर म्हणाले, सांगितलं ना, दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर ते काही सांगत नाहीत.